वस्तूची क्षमता कुठे असते?

सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याची सत् वस्तूची कसोटी होती अर्थक्रिया. जे कार्य घडवते तेच सत्; जातिवाचक सामान्ये बुद्धीने रचलेली. गेमिंग लॅपटॉप निवडणाऱ्याला ही कसोटी फार उपयोगी आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप चिपला कोणता उत्पादक ३५ वॉट देतो, तर कोणता ११५. स्टिकर तोच, मेमरीही तीच ८ जीबी, पण घडणारे काम वेगळे. शिवाय चिपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती बाहेर टाकायला हीट पाइप आणि पंखे तोकडे पडले, की तापमान मर्यादेला भिडते आणि चिप आपला वेग आपणच उतरवते. पहिली पाच मिनिटे खेळ सफाईदार चालतो. अर्ध्या तासाने पंखे घोंगावत असतात, कीबोर्डचा मधला भाग हाताला चटके देतो आणि फ्रेम घसरू लागतात. तेव्हा क्षमता एकट्या चिपमध्ये नसते. चिप, वीज आणि थंडावा या सगळ्या सामग्रीत मिळून असते.

यावर सामान्ये खरी मानणारा नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, म्हणेल, सामान्य खोटे मानले तर व्यवहारच थांबेल. ‘४०६०’ म्हटल्यावर काहीतरी निश्चित कळतेच ना? कळते, आणि दुकानात शोध तिथूनच सुरू करावा लागतो. पण नाव प्रकार सांगते, समोरचे यंत्र किती काम करील ते सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शक्ती आत सुप्त असेल, एसी लावला की प्रकटेल. खोली गार असली तर फरक पडतो, हे खरेच. पंखा खोलीतलीच हवा ओढतो, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात तोच लॅपटॉप लवकर दमतो. पण उत्पादकाने घातलेली वॉटची मर्यादा एसीने हलत नाही. जी शक्ती त्या यंत्रात कधीच कार्याला येणार नाही, तिला त्या यंत्राची शक्ती म्हणण्यात अर्थ नाही, आणि तिचे पैसे मोजण्यातही नाही.

११५ वॉटचा जाडजूड ४०६० लॅपटॉप वरच्या श्रेणीच्या पण कमी वॉटच्या सडपातळ ४०७० ला मागे टाकू शकतो. म्हणून विक्रेत्याला आधी वॉट विचारा, अर्धा तास चालवलेल्या चाचणीचे आकडे पाहा, आणि मगच पैसे द्या.