तुकोबांनी फक्त आपलाच वाटा बुडवला



आजचं चिंतन तुकोबारायांच्या चरित्रातल्या एका प्रसंगावर. कीर्तनात आपण सगळ्यांनी तो ऐकलाय. देहूचं घर महाजनकीचं, दुकानदारीचं, सावकारीचं. १६३० च्या आसपास भयंकर दुष्काळ पडला. धंदा बसला, गुरं गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण परंपरा एक बारीक तपशील सांगते आणि तो आपण घाईत सोडून देतो. खतं बुडवण्याआधी तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. अर्धी खतं धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हाती दिली. पाण्यात गेला तो फक्त तुकोबांचा वाटा.

थोडं थांबून विचार करा. ज्याला पैसा मातीसमान वाटू लागलाय, तो माणूस भावाच्या हिश्शाचा हिशोब का करत बसला? कारण वैराग्य त्यांचं होतं, कान्होबाचं नव्हतं. कान्होबाला संसार करायचा होता. आपल्या वैराग्याची किंमत दुसऱ्याने मोजायची नसते.

हा प्रसंग आज आपल्याला का हवा? आपल्यातले कितीतरी जण सध्या एकाच प्रश्नाशी झगडतायत. नोकरीत मन नाही, सोडून स्वतःचं काहीतरी करावंसं वाटतं. किंवा पगार पुरत नाही म्हणून मोबाइलवर ऑप्शन्स ट्रेडिंग सुरू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने आकडे जाहीर केले. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. यातला प्रत्येक रुपया त्या ट्रेडरचा स्वतःचाच होता का? काही रुपये आईच्या मोडलेल्या एफडीचे असतील, काही बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले. तो कान्होबाचा वाटा होता. तो पाण्यात सोडायचा अधिकार आपल्याला नाही.

परळ-लालबागच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या हक्काच्या होत्या. पण संप लांबत गेला, अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि अनेकांना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. कोणी गावी परतलं, कोणी मिळेल ते काम धरलं. 'गिरणी कायमची' हा ज्यांचा विश्वास होता, त्यांचा त्यात काही दोष नव्हता. पण त्या काळात अनेक चुली बायकांच्या कमाईवर पेटत्या राहिल्या. शिवण, पापड-लोणची, पोळीभाजी, खानावळ. या खानावळवाल्या पूर्वी वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांचे गट बांधले आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. दागिना गहाण टाकून जगणाऱ्या हातांना 'तुझा धंदा आहे, तुझी पत आहे' असं कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं.

आज त्याच गिरण्यांच्या जमिनीवरच्या काचेच्या इमारतींत आपण लॅपटॉप उघडून बसतो. कार्ड स्वाइप करताना आपल्यालाही वाटतं, पगार कायमचा.

मग करायचं काय? तुकोबांसारखे दोन वाटे करायचे.

पहिला वाटा घरचा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, लगेच हाताशी येईल असा. घरच्यांचा आरोग्य विमा. आपल्यावर कोणी अवलंबून असेल तर टर्म इन्शुरन्स. नोकरी बदलली की पीएफ काढून फोन घ्यायचा नाही, नव्या खात्यात वळवायचा. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी सगळ्यात आधी फेडायची, कारण महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज. तुकोबांच्या खतांवर ते धनको होते, आपल्या खतांवर आपण ऋणको आहोत. आपली खतं नदीत सोडता येत नाहीत, फेडावीच लागतात!

दुसरा वाटा आपला. त्यात धाडस करा. नवं शिका, कमी पगाराचं पण मनाचं काम घ्या, स्वतःचं काही सुरू करा. बुडालं तर आपलं बुडेल, आणि रात्री झोप लागेल.

आता कोणी म्हणेल, भक्ताने एवढा पैशाचा विचार करावा का? तुकोबा धन जोडू नका असं म्हणत नाहीत. सरळ व्यवहाराने मिळवा आणि 'उदास' मनाने खर्चा, असा त्यांचा उपदेश आहे. हा 'उदास' म्हणजे आजचा दुःखी नव्हे. उदास म्हणजे अलिप्त. आलं म्हणून फुगायचं नाही, गेलं म्हणून कोसळायचं नाही. पण महिनाअखेरीला ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला अलिप्त होणं फार कठीण जातं. घरचा वाटा सुरक्षित असला की मन मोकळं होतं, आणि मोकळ्या मनात नाम टिकतं.

आणि कामातलं समाधान? सावता माळी अरणमध्ये मळा करत राहिले. परंपरा सांगते, विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला. आपला मळा म्हणजे आपल्या हातातलं काम. आज लिहिलेला कोड, तपासलेलं बिल, शिकवलेला धडा कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे, एवढं आठवून केला तरी तो मळा हिरवा राहतो.

आजचा संकल्प: रात्री हरिपाठ झाला की एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला घरचा वाटा, दुसऱ्या बाजूला आपला. घरच्या बाजूचा आकडा आई-बाबांना किंवा जोडीदाराला विचारून लिहा, अंदाजाने नको. मग पुढचा निर्णय घ्या.

पांडुरंगा, कमवायची बुद्धी दे, सोडायची ताकद दे, आणि कोणाचं काय आहे ते ओळखायची नजर दे.

जय जय राम कृष्ण हरी!