नेम आधी की उत्साह आधी?

'कळते पण वळत नाही' असे आपण नेहमी म्हणतो, आणि म्हणताना बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. रोज थोडे चालावे, वेळेवर निजावे, दोन घास कमी खाऊन उठावे, चहातली साखर आवरावी, हे आज कोणास ठाऊक नाही? डॉक्टर सांगतात, घरची मुले सांगतात, ज्याचे गुडघे गेले तो शेजारी तर रोज ओट्यावर बसून सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, 'खरं आहे बुवा' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला तरी त्याचे अंथरूण सुटत नाही. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले, 'काय करावं, उत्साहच येत नाही.'

हे उत्तर दुसऱ्या कोणी दिले तर एक वेळ चालेल. वारकऱ्याने दिले तर मात्र थांबून विचार करावा लागतो. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर अठरा-वीस दिवसांत पायी तोडणारा हा मनुष्य. पुणे ते सासवड ही एकच मजल ३० किलोमीटरच्या घरात, आणि तीत दिवेघाटाची चढण. साठी उलटलेल्या मायबहिणी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन तो घाट चढतात. तोच वारकरी गोपाळकाला घेऊन घरी परतला की वेशीपर्यंत जायलासुद्धा फटफटीवर बसतो. देह तोच, पाय तेच, मध्ये महिनाही लोटलेला नाही. मग एवढ्यात उत्साह गेला कोठे? हा प्रश्न केवळ प्रकृतीचा नाही. मनुष्य सत्कर्म कशाच्या बळावर करतो, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणेल, 'अहो, देह नाशिवंत. आज ना उद्या तो मातीला मिळायचा. त्याला चालवून, फिरवून, पथ्यपाणी करून जपत बसणे ही देहबुद्धीच नव्हे काय?' आक्षेपातली अर्धी गोष्ट खरी आहे. आरशापुढे उभे राहून दंड न्याहाळणे याला परमार्थ म्हणता येणार नाही, आणि ते येथे सांगायचेही नाही. परंतु भागवताच्या एकादश स्कंधात नरदेहाला नावेची उपमा दिली आहे आणि गुरूला नावाडी म्हटले आहे. याच स्कंधावर नाथमहाराजांनी आपली टीका लिहिली. आता नावेचाच विचार करा. नावेला कोणी देव्हाऱ्यात बसवत नाही, तिची आरती करत नाही. पण तिच्या फटी बुजवायच्या सोडून 'मी नावेविषयी विरक्त आहे' असे म्हणणारा नावाडी भेटला, तर त्याच्या नावेत आपण आपले लेकरू बसवू काय?

शिवाय अनुभव उलटाच सांगतो. ज्याचा देह धड असतो त्याला देहाची आठवण नसते. तो कीर्तनाला बसला की घटका कशा गेल्या हे त्याला कळत नाही. ज्याचे गुडघे धरले, त्याचे अर्धे चित्त पखवाजाकडे आणि अर्धे गुडघ्याकडे. म्हणजे देहाची हेळसांड करून देहबुद्धी सुटत नाही, उलट ती चोवीस तास उशाशी येऊन बसते. आणि त्या हेळसांडीचा भार वाहतो कोण? ज्याने हेळसांड केली तो खाटेवर असतो. औषधपाणी, उठवणे-बसवणे, दवाखान्याच्या फेऱ्या सुनेच्या नाहीतर लेकीच्या वाट्याला येतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर निघाली. यातला प्रत्येकजण आपल्या चुकीनेच आजारी पडला असे मुळीच नाही. वंशातून येणारे दुखणे असते, दारिद्र्य असते. पण जे आपल्या हाती होते ते केले नाही, आणि त्याला वैराग्य हे नाव दिले, तर ती स्वतःचीच फसवणूक होय. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, अति निजणारा आणि सदा जागणारा, या सर्वांनाच योगाबाहेर ठेवले आहे. ज्ञानोबारायांनी तेथे मोजक्या आहारविहाराचे वर्णन केले आहे, ते जिज्ञासूंनी मुळातून वाचावे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. जी बाई दिवसभर निंदणी-खुरपणी करून, डोक्यावरून पाणी आणून रात्री चुलीपुढे बसते, तिला 'व्यायाम कर' असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. तिला पोटभर सकस अन्न आणि पुरी झोप पाहिजे. तिच्या घरातल्या बसून काम करणाऱ्या पुरुषाने उठून दोन घागरी आणल्या, तर दोघांच्याही प्रकृतीचे एकदमच होईल. पुढचे सारे विवेचन बसून दिवस काढणाऱ्यांसाठी आहे.

आता मूळ प्रश्न. उत्साह कोठून आणावा? वारीतला अनुभव आठवून पाहा. पहिल्या दिवशी उत्साह असतो हे खरे. पण आठव्या दिवशी? रात्रभर पावसात तंबू गळलेला, धोतर ओले, टाचेला फोड, पहाटे उठून रांगेत उभे राहायचे. त्या घटकेला उत्साह कोणाला असतो? तरीही पाऊल पडते. घटकाभर चालल्यावर, टाळ एका लयीत लागल्यावर, मग कोठे मन मागून येते. पाऊल आधी पडले, उत्साह नंतर आला. आपण घरी याच्या उलट करतो. अंथरुणात पडून उत्साहाची वाट पाहतो, आणि उत्साह तिकडे उंबऱ्याबाहेर आपली वाट पाहत उभा असतो.

वारीत आधी पाऊल का पडते, याची कारणे शोधली तर चार सापडतात. पहिले, तिथी ठरलेली असते; माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघायची, मग कोणाला वाटो न वाटो. दुसरे, संगत असते. आपली दिंडी, आपला विणेकरी, शेजारचा टाळकरी. एकजण दिसला नाही तर 'माउली, अमका कुठं राहिला?' म्हणून विचारणा होते. तिसरे, मजल आखलेली असते; २५० किलोमीटर कोणी एकदम चालत नाही, आजच्या मुक्कामापर्यंत चालतो. चौथे आणि सर्वांत मोठे, जावे की न जावे हा वाद रोज सकाळी नव्याने उकरला जात नाही. माळ घातली तेव्हाच तो मिटलेला असतो. घरी आल्यावर या चारही गोष्टी सुटतात. मनुष्य बदललेला नसतो, त्याला धरून ठेवणारी घडी मोडलेली असते. म्हणून 'मी मुळातच आळशी' असा दोष स्वतःला लावून रडत बसू नये. घडी पुन्हा बसवावी.

या म्हणण्याला वैद्यकातलाही एक दृष्टांत आहे. लंडन शहरातील दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांची पाहणी तेथील जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी केली आणि १९५३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाडी तीच, शहर तेच, पगारही फार वेगळा नाही. पण दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करून तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. त्या कंडक्टरांना व्यायामाचा उत्साह होता असे नाही. त्यांचे कामच त्यांना जिना चढायला लावत होते.

मग घरी घडी कशी बसवावी? जो नेम आधीच चालू आहे त्याच्या गाठीला नवा नेम बांधावा. आपल्यापैकी पुष्कळांचा सायंकाळचा हरिपाठ चुकत नाही. हरिपाठ आटोपला की वहाणा घालून गावाला एक फेरी मारावी, किंवा देऊळ जवळ असेल तर त्याच्या प्रदक्षिणा घालाव्या. वेगळी वेळ शोधायला गेले की ती कधीच सापडत नाही. सोबतीला कोणीतरी एक धरावा. चालता चालता भजन म्हणावे, नाहीतर घरगुती सुखदुःख बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे, की प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत, म्हणजे रोजची २२ मिनिटे झाली तरी कमीत कमी माप भरते. यात दोन दिवस तरी स्नायूंना जोर पडेल असे काही असावे, आणि वय ६५ च्या पुढे गेलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही बरे, असे तीच संघटना म्हणते.

आरंभ मात्र लहान असावा. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगितले आहे, आणि चरकसंहितेत जुनी वाईट सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडावी व चांगली तशीच चतुर्थांशाने धरावी, असा क्रम दिला आहे. आपण नेमके याविरुद्ध वागतो. पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी अंगदुखी, तिसऱ्या दिवशी 'नको रे बाबा'. तसेच ज्याला चालताना छातीत दुखते वा दम कोंडतो त्याने आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने एकादशीचा उपास आपल्या मनाने न करता त्यांना विचारून करावा. साखर एकाएकी उतरली तर जिवावर बेतते. आणि ज्यांना हे काही नाही त्यांची एकादशी तरी कशी? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, वर राजगिऱ्याचे लाडू. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे लोक उगीच म्हणत नाहीत.

एवढे करूनही एक दिवस नेम चुकतोच. पाहुणे येतात, ताप येतो, पाऊस लागतो. आणि खरी परीक्षा त्या दुसऱ्या दिवशी असते. मन म्हणते, 'बुडालाच की नेम, आता कशाला?' पुष्कळांचे सत्संकल्प आळसाने मरत नाहीत, ते या एका वाक्याने मरतात. वरून हे वाक्य पश्चात्तापाचे वाटते, पण आत अहंकार असतो. माझा नेम अखंड असला तरच मी करीन, मोडका नेम मला शोभत नाही, असा तो ताठा आहे. वारीत एखादा आजारी पडून मागे राहिला, तर तो पुन्हा आळंदीला जाऊन पहिल्यापासून चालत येतो काय? तो पुढच्या मुक्कामी दिंडीला मिळतो, आणि दिंडी त्याला जागा करून देते. लंडनच्याच एका विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की नवी सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतात, कोणाला २५४. मधला आकडा ६६ दिवसांचा. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ, सातत्य आणि आदर या तीन गोष्टी लागतात असे सांगितले आहे. आपल्यासारख्या प्रपंचातल्या माणसाने सातत्याचा अर्थ एवढाच धरावा, की चुकले तरी परत रांगेत यावे.

आता कोणी विचारील, आरंभ कधी करावा? परंपरेने त्याची सोय करून ठेवली आहे. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास. या चार महिन्यांत काहीतरी नेम धरण्याची आपली जुनी चाल आहे. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे. वांगे सोडणाऱ्याने ते खुशाल सोडावे. त्याच्याच जोडीला वारीत कमावलेली पायांची चाल न मोडता रोज अर्धा तास चालण्याचा नेम धरावा. चातुर्मासाचे सुमारे १२० दिवस, म्हणजे वरच्या ६६ दिवसांना पुरून उरतात. पालखीबरोबर पंढरीला गेलेल्याचे पाय चालते असतातच, त्यांना बसू द्यायचे नाही एवढेच काम. जो जाऊ शकला नाही त्याने दारापासून देवळापर्यंत सुरुवात करावी.

नेम पार पडला तर त्याचे भांडवल करू नये. 'मी रोज चालतो, तुम्ही का नाही?' असे जो गावभर सांगत सुटतो, त्याचे पाय सुधारतात आणि जीभ बिघडते. त्यापेक्षा शेजारच्या दारावर थाप मारून 'चला माउली, येता का देवळापर्यंत?' एवढे विचारावे. तो नाही म्हणाला तर उद्या पुन्हा विचारावे. आपला उत्साह कमी पडेल त्या दिवशी तोच येऊन आपल्याला हाक मारील.

रामकृष्णहरि.