हाक आणि आसन

हुडकेश्वरच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपले, पंगती उठल्या आणि मांडवात पाचदहा मंडळी विसावली. बोलणे निघाले ते पुढाऱ्यांच्या दौऱ्यांवरून. कोणी म्हणाले, पूर्वीची माणसे निराळी; नागपूरने १९६२ साली लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठविले, असा माणूस आता कुठे? भिसीकडचा एक म्हातारा माळकरी इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "बुवा, बापूजी मोठा मानूस व्हता, खरं आहे. पन मंग तो चिमूरले काऊन नाही गेला?"

आम्ही तेव्हा काहीतरी उत्तर दिले. ते आम्हांलाच पटले नाही. म्हणून वाचकहो, तोच प्रश्न आज पुन्हा हाती घेतो.

माधव श्रीहरी अणे हे वणीचे. जन्म १८८० चा. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी, संस्कृतचे पंडित, जुन्या वळणाचे, धर्माचाराला धरून राहणारे गृहस्थ. पण जुन्या वळणाचा माणूस भित्रा असतो असे कोणी समजू नये. जुलै १९३० मध्ये पुसद येथे जंगलचे गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. पुढे १९४१ साली व्हाइसरॉयने आपले कार्यकारी मंडळ वाढविले, तेव्हा त्यात त्यांनी जागा घेतली. त्यांच्याकडे खाते आले ते परदेशी राहणाऱ्या हिंदी लोकांचे. समुद्रापलीकडच्या आपल्या माणसांचे गाऱ्हाणे ऐकणे हे त्यांचे काम झाले.

आणि १९४२ च्या ऑगस्टात गाऱ्हाणे घरचेच उठले. चिमूरला १६ ऑगस्टला मिरवणुकीवर गोळी चालली. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी माणसे मारली गेली. मग गावात सैन्य शिरले, आणि घराघरांतून, आयाबहिणींवरही, जे अत्याचार झाले ते सांगताना आजही त्या भागातली म्हातारी माणसे आवाज खाली आणतात. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी दिल्लीला बापूजींच्या दारी गेले. मागणे एवढेच, की चिमूरला चला, डोळ्यांनी पाहा, चौकशी करवा. बापूजी गेले नाहीत. भणसाळींनी तेथेच अन्न सोडले. सरकारने त्यांना परत आणून सोडले, तर ते पायीच चिमूरची वाट चालू लागले. तेथूनही त्यांना मागे आणण्यात आले. त्यांचा उपवास ६३ दिवस चालला.

हुडकेश्वरजवळून जो उमरेडचा रस्ता जातो, तोच पुढे भिवापूरवरून चिमूरच्या अंगाला जातो. म्हाताऱ्याचा प्रश्न म्हणूनच आम्हांला लागला. समुद्रापारच्यांची काळजी वाहणाऱ्याला वऱ्हाडाच्या शेजारचे हे गाव दूर का पडावे?

बापूजींच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हटले पाहिजे. आत राहिलेल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा चार गोष्टी अधिक करता येतात, या समजुतीने ते मंडळात गेले होते. कोणी येऊन हाक मारली की आसन सोडून धावायचे, असे होऊ लागले तर कोणतेच काम तडीस जाणार नाही. शिवाय आपल्याला तर पुंडलिकाचे उदाहरण तोंडपाठ आहे. देव दारी आला तरी पुंडलिक उठला नाही. वीट फेकून म्हणाला, थांब. आणि त्या न उठण्यालाच आपण भक्ती म्हणतो.

पण इथेच थोडे थांबून पाहू. पुंडलिक उठला नाही तो कशासाठी? त्याच्या हातात आईबापांचे पाय होते. सेवेसाठी देवालाही थांबविता येते. पण सेवा हातात असावी लागते. सेवा करण्याची संधी पुढेमागे मिळेल, या आशेवर दारच्याला थांबवणे ही निराळी गोष्ट. म्हणून आसनावर बसलेल्याने दारी हाक आली म्हणजे स्वतःला एकच विचारावे, या घटकेला माझ्या हातात कोणाचे पाय आहेत? उत्तर आले तर खुशाल बसावे. न आले तर उठावे.

बापूजींनी हे स्वतःला विचारले नसेल असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे मन आम्हांला दिसत नाही. दिसते ते इतकेच, की पुढच्याच फेब्रुवारीत गांधीजींनी पुण्याच्या आगाखान महालात २१ दिवसांचा उपवास आरंभिला, सरकार त्यांना सोडीना, तेव्हा बापूजी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी मंडळाचे राजीनामे दिले. अणे हे गांधीजींच्या सगळ्या मतांचे नव्हते. १९३४ साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयजींबरोबर निराळा पक्ष काढणारे ते गृहस्थ. मतभेद असलेल्या माणसाच्या प्राणासाठी खुर्ची सोडणे सोपे नव्हे. त्याबद्दल आम्ही हात जोडतो.

तरी म्हाताऱ्याचे म्हणणे उरतेच. थोराच्या प्राणासाठी जे आसन सुटले, ते चिमूरच्या नाव नसलेल्या बायांसाठी तीन महिने आधी सुटले असते, तर? आमचे मत असे, की पहिली हाक त्यांचीच होती. मोठ्याची हाक सगळ्यांनाच ऐकू येते. लहानाची ऐकू यावी यासाठीच तर संतांनी एकमेकांच्या पाया पडायला शिकविले.

पुढे बापूजी सिलोनात सरकारचे प्रतिनिधी झाले, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल झाले, म्हातारपणी लोकसभेत बसले. टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत रचले. त्याला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण ते १९६८ च्या २६ जानेवारीलाच निवर्तले होते. एवढ्या लांबच्या वाटचालीत एक गाव राहून गेले. त्यावरून माणूस लहान ठरत नाही. पण राहिलेले गाव राहिलेच.

सप्ताहातली वीणा पाहा. ती खाली ठेवायची नाही. पहाऱ्याची वेळ संपली की पुढचा येतो, दोघे एकमेकांना नमस्कार करतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. वीणा गळ्यात आहे तोवर पाय हलते ठेवायचे, आणि उतरली की ती आपली नव्हती हे ध्यानात ठेवायचे. पंचायतीपासून दिल्लीपर्यंत जो कोणी पद घेतो त्याच्या गळ्यात अशीच लोकांची वीणा असते. हल्ली ती घेणारे पुष्कळ, देणारे थोडे.

पण दुसऱ्याच्या गळ्याकडे बोट दाखवून आपले सुटत नाही. आम्ही वर्षानुवर्षे पंढरी गाठतो. पाय सुजले तरी चालतो. आणि त्याच गल्लीतली विधवा रेशनच्या कागदासाठी चार वेळा येऊन गेली, तेव्हा 'वारीहून आल्यावर बघू' असे आम्हीच एकदा सांगितले आहे. तेव्हा आमच्या हातात कोणाचे पाय होते? वारीची तयारी होती, इतकेच. पांडुरंग युगानुयुगे उभा आहे, तो आणखी थांबला असता. ती बाई थांबू शकत नव्हती.

म्हाताऱ्याला आता उत्तर द्यायचे तर असे देऊ: बाबा, बापूजी चिमूरला का गेले नाहीत हे आम्हांला ठाऊक नाही. पण आम्ही शेजारच्या घरी का गेलो नाही, हे ठाऊक आहे. त्याचा हिशेब आधी देऊ.

रामकृष्णहरि.