पांढऱ्यावर पांढरं

वसमत तालुक्यातल्या एका गावात एक मुलगी राहायची. घरची शेती हळदीची. आपल्याकडच्या या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यामुळे कष्ट काही कमी झाले नाहीत. जूनच्या आगेमागे लावायची, नऊ महिने सांभाळायची, मग काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि शेवटी भावासाठी मोंढ्याकडे डोळे लावून बसायचं.

मुलीचा जीव मात्र कागदात रमायचा. ती हाताने कार्डं बनवायची आणि तिचं खास काम होतं उठावाचं. चिकट, उशिरा वाळणाऱ्या बिनरंगी शाईत शिक्का बुडवून तो कागदावर उमटवायचा. शाई ओली आहे तोवर वरून एम्बॉसिंगची बारीक पावडर शिंपडायची, जास्तीची घडीच्या कागदावर झटकून पुन्हा बरणीत भरायची. मग हीट गनची गरम हवा धरायची. क्षणभर काहीच होत नाही, आणि एकाएकी दाणे वितळून अक्षरं चकचकीत होतात, कागदावर फुगून बसतात. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही. त्याची आच कमी आणि वारा जास्त, पावडरच उडून जाते. हीट गनही फार वेळ धरली तर वितळलेला थर कागदात मुरतो, अक्षरं बसकी आणि तेलकट दिसतात.

एकदा हिंगोलीहून एक बाई आल्या. भावाला मुलगी झाली होती आणि बाई आत्या. बारशासाठी साठ कार्डं हवी होती, पण अट अशी की पाहुण्याच्या हातात कार्ड पडलं तरी नाव दिसता कामा नये. आत्या बाळाच्या कानात कुर्र करणार, तिच्या पाठीत धपाटे बसणार, आणि मगच नाव सगळ्यांना कळणार.

मुलीने युक्ती काढली. पांढऱ्या कार्डावर पारदर्शक पावडरीने नाव उठवायचं. पांढऱ्यावर ते कुणाला वाचता येणार नाही. बारशाला प्रत्येकाच्या हाती कापसाचा बोळा आणि हळदीचं पाणी द्यायचं. बोळा फिरला की कागद पिवळा होईल, पण वितळून बसलेल्या थरावर पाणी टिकणार नाही. नाव तेवढं पांढरं उरेल. बाटिकमध्ये कापडावर मेण जे काम करतं तेच इथे. (कार्ड उजेडात तिरकं धरलं तर नाव चमकतं, हे पोरांना पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणून कार्डं वेळेवरच वाटायची ठरली.)

सरकारी शिक्के बनवणाऱ्याकडून तिने नावाचा रबरी शिक्का करून आणला. हळदीच्या पाण्याने तिला दोन दिवस दमवलं. नुसत्या पाण्यात हळद विरघळत नाही, तळाशी बसते आणि कागदावर रवाळ डाग पाडते. मग तिने हळद आधी थोड्या स्पिरिटमध्ये भिजवली, फडक्यातून गाळली आणि मग पाणी घातलं. रंग कसा स्वच्छ उतरला! नमुन्याचं एक कार्ड तिने निगुतीनं केलं. कागदावरून आधी टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवली, कारण हाताचा ओशटपणा आणि कागदातला दमटपणा पावडरीचे दाणे धरून ठेवतो. शिक्का उमटवल्यावर, पावडर झटकल्यावर कोरड्या कुंचल्याने चुकार दाणे टिपले. मग आच दिली. वरून हळद फिरवली आणि तीन अक्षरी नाव कसं लख्ख उमटलं. आत्याबाई खूश झाल्या.

त्या दिवसांत अंगणात हळद शिजवायचं काम जोरात होतं. गावोगाव फिरणारा वाफेचा कुकर दारात लागला होता. आजी हळकुंडं आणि जेठे गड्डे वेगळे करत बसली होती. दोन्ही एकत्र शिजवले तर हळकुंडं गळून जातात आणि गड्डे कच्चे राहतात. एक गडी मातीसकट टोपली कुकरात ओतायला निघाला. आजी ओरडली, "आरं, माती काढली का?"

"शिजल्यावर निघंल की, आजी. वर पॉलिश हायेच."

"शिजल्यावर ती निघत नसती, बाबा. आतच जाऊन बसती. आच लागायच्या आधी काय ते झटक."

मुलगी ओसरीवर शिक्के मारत होती. तिच्या कानावर हे पडलं, पण हळदीचं बोलणं हळदीपुरतं, असं तिला वाटलं.

बारसं उद्यावर आलं होतं आणि निम्मी कार्डं बाकी होती. पुरचुंडी फिरवायला वेळ नव्हता. कुंचला कुठेतरी हरवला होता. ओसरीवर बसून ती कार्ड उचलायची, शिक्का मारायची, पावडर टाकून झटकायची आणि हीट गन धरायची. कार्डावर इथे-तिथे दाणे अडकलेले तिला दिसत होते. एका कडेला अंगठ्याचा ओशट ठसाही उठला होता, त्यावर पावडर बसली होती. एक फुंकर मारली असती तर बरेचसे दाणे उडाले असते. पण ती मनाशी म्हणाली, 'पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसतंय?'

खरंच, कुणालाच दिसलं नाही. तिनेही गठ्ठा बांधताना पाहिलं; एकूण एक कार्ड कोरंकरकरीत.

कामात हेच फसवं असतं. आच लागायच्या आधी चूक फुंकरीने उडते. आच लागली की ती कामाचाच भाग होऊन बसते, आणि जो रंग आपलं चांगलं उठून दाखवणार असतो तोच रंग तीही उठून दाखवतो.

बारशाच्या दिवशी कुर्र झालं, धपाटे झाले, बोळे फिरले. नाव उमटलं आणि घरभर एकच कल्ला झाला. कुणाच्या तरी ओल्या हाताला साबण होता; त्याच्या कार्डावर पिवळ्याचं लाल झालं. तेव्हा एका आजीबाईंनी, हळदीला चुना लागला की कुंकू होतं ते असंच, म्हणून सगळ्यांना सांगून घेतलं.

मग एकेकाचं लक्ष कार्डाकडे गेलं. नावाभोवती पांढरे ठिपके, गोवर आल्यासारखे. आणि कडेला एक ठसा, बोटावरच्या रेषांसकट. मुलीच्या पोटात गोळा आला.

तेवढ्यात एक मामा म्हणाले, "वा! बाळाच्या बोटाचे ठसेपण घेतले वाटतं. काय कल्पना आहे!"

"आणि हे अक्षतांसारखं टाकलंय," दुसरं कुणी म्हणालं.

सगळे कौतुकाने तिच्याकडे बघायला लागले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पांढऱ्यावर पांढरं झाकायची ही दुसरी संधी होती, आणि पहिलीपेक्षा सोपी.

"बाळाचे नाहीत, मामा," ती म्हणाली. "माझेच आहेत. घाईत हात लागला, आणि झटकायचं राहिलं. ते ठिपकेपण तेच."

मामा हसले. आत्याबाईंनी कार्ड जवळ घेऊन अंगठा निरखला आणि मग शेजारचं, आधी झालेल्या निम्म्यातलं एक उचललं. ते स्वच्छ होतं. दोन्ही शेजारी धरून त्यांनी मुलीला विचारलं, "हे तुझंच?"

"हो."

"आणि हेपण?"

"हो."

मुलीने खराब झालेली कार्डं परत मागून घेतली. घरी येऊन तिने एकावर कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवून पाहिली. ठिपके वितळून वरच्या कागदाला लागले खरे, पण खाली तेलाचा डाग उरला आणि नावाचाही उठाव बसला. तिने तो नाद सोडला आणि तेवढी कार्डं नव्याने केली. पुरचुंडी फिरवली, नवा कुंचला आणला, प्रत्येक कार्ड आचेआधी खिडकीशी तिरकं धरून पाहिलं. ज्यात दाणा दिसला ते पुन्हा झटकलं.

आठ दिवसांनी ती हिंगोलीला कार्डं देऊन आली. आत्याबाईंनी ठरल्यापेक्षा शंभर रुपये कमी दिले, आणि चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाची चाळीस कार्डं तिथल्या तिथे सांगितली.

"शंभर कापले?" आजीने विचारलं.

"कापले."

"बरं केलं तिनं," आजी म्हणाली आणि कुकरवाल्याचा हिशेब करायला बसली.