अभ्यास, फळ आणि प्रेक्षक

कर्म करावे पण फळाची आस धरू नये, हा विचार भारतीय परंपरेत जितका उच्चारला गेला आहे तितका क्वचितच दुसरा कोणता. परंतु या विचाराची सारी चर्चा कर्त्याभोवती फिरते, आणि कर्म करणाऱ्याकडे पाहत बसलेल्या प्रेक्षकाचा प्रश्न तीत सहसा येत नाही. वास्तविक फलाशा, म्हणजे फळ मिळावे ही आसक्ती, प्रेक्षकालाही असते. आपला खेळाडू जिंकावा म्हणून तो ज्या उत्कंठेने मैदानाकडे डोळे लावून बसतो, ती उत्कंठा स्वतःच्या श्रमाच्या फळासाठी वाटणाऱ्या ओढीपेक्षा कमी तीव्र नसते. म्हणून जिथे जिंकणे किंवा हरणे शक्यच नाही अशा प्रसंगी प्रेक्षक का जातो आणि त्याला तिथे काय लाभते, हा तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. मोटारसायकल शर्यतींच्या हंगामपूर्व चाचणीला लोटणारे चाहते हे या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण होय.

मोटोजीपी या जागतिक शर्यतमालिकेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व संघ ठरावीक दिवशी एकाच मार्गावर आपापली यंत्रे तपासतात. याला हंगामपूर्व चाचणी म्हणतात. मलेशियातील सेपांग येथील 5.543 किलोमीटर लांबीच्या मार्गावर फेब्रुवारीत होणारी चाचणी त्यांतील सर्वांत परिचित. तिथे गुण नसतात, चषक नसतो, आणि पुष्कळदा यंत्रांवर रंगही नसतो. कार्बन तंतूंचे काळे कवच तसेच उघडे ठेवून ती धावतात. एखाद्या यंत्राच्या बाजूला हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक नळ्यांची जाळी बसवलेली दिसते, जी प्रत्यक्ष शर्यतीत कधीही दिसणार नाही. चालक चार-पाच फेऱ्या मारून परततो, यंत्राला तार जोडून त्यात नोंदलेली माहिती उतरवून घेतली जाते, आणि तो हातांच्या हालचालींनी अभियंत्याला सांगतो की वळणात शिरताना पुढचे चाक कुठे सरकले. या मालिकेत धावत्या यंत्रातून गॅरेजकडे माहिती पाठवण्यास मनाई असल्यामुळे चालक परत येईपर्यंत अभियंत्यालाही वाट पाहावी लागते. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर चालकाच्या देहाला आलेला अनुभव हे प्रत्यक्ष आणि नोंदींवरून काढलेला निष्कर्ष हे अनुमान; चाचणीचा बहुतेक वेळ या दोन प्रमाणांचा, म्हणजे ज्ञानाच्या दोन साधनांचा, मेळ घालण्यात जातो.

भारतात मोटोजीपीची अशी चाचणी झालेली नाही. पण तिच्या अगदी जवळ जाणारी एक सकाळ राजधानीच्या परिसराने पाहिली आहे. ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर 22 ते 24 सप्टेंबर 2023 या काळात मोटोजीपीची भारतातील पहिली फेरी झाली. त्यापूर्वी या मालिकेची शर्यत तिथे कधीच झाली नसल्यामुळे प्रत्येक वळण नव्याने शिकावे लागणार होते, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून नियम असा झाला होता की शुक्रवार सकाळच्या पहिल्या सराव सत्रातील वेळ पात्रतेसाठी धरली जाऊ नये. म्हणजे त्या सकाळी जगातील सर्वोत्तम चालक एका अनोळखी मार्गावर जे काही करत होते, त्याची गणना कुठेच होणार नव्हती. रविवारी मार्को बेझेक्की जिंकला आणि ते नाव इतिहासात गेले. शुक्रवारची सकाळ मात्र ज्यांनी पाहिली त्यांच्यापुरतीच उरली.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका येथून या मार्गाकडे निघालेल्या चाहत्याला 2018 साली तिथपर्यंत पोहोचलेल्या मॅजेंटा मार्गिकेने बोटॅनिकल गार्डनपर्यंत, तिथून निळ्या मार्गिकेने नोएडाच्या सेक्टर 52 पर्यंत, मग थोडे चालून ॲक्वा मार्गिकेने ग्रेटर नोएडापर्यंत आणि पुढे रस्त्याने यमुना एक्स्प्रेसवेकडे जावे लागते. मुनिरक्याचा उल्लेख इथे केवळ अंतर सांगण्यासाठी नाही. शहराने चोहोबाजूंनी वेढलेले हे मूळचे जाटांचे गाव, ज्याच्या शेजारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि पलीकडे बेर सराय व जिया सराय या स्पर्धा परीक्षार्थींच्या जुन्या वस्त्या आहेत, ते आज मुख्यतः तयारीचे गाव आहे. समोरासमोरच्या सज्जांमध्ये हातभर अंतर, मधून विजेच्या तारांचे जुडगे आणि खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागेल अशा खोल्या. या खोल्यांतून देशभरातून आलेली, त्यांत मराठवाड्यातली आणि विदर्भातलीही, मुले कसल्या ना कसल्या परीक्षेसाठी तयारी करत असतात. ज्या वस्तीत तयारीचे सारे मूल्य निकालावरून ठरते, त्या वस्तीतून निघून ज्याचा निकालच लागणार नाही अशी तयारी पाहायला जाणे, या दोन टोकांमध्ये प्रस्तुत प्रश्न नेमका उभा राहतो.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. चाचणीत फळ नसते म्हणजे उद्देश नसतो असे नव्हे. उलट चाचणीइतका काटेकोर उद्देश शर्यतीतही नसतो, कारण शर्यतीत केवळ पुढे असणे पुरते, तर चाचणीत पुढे का आहोत हे समजावे लागते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रकाशित झालेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी निष्काम कर्माची जी मांडणी केली, तिचा रोख याच भेदाकडे आहे: सोडायचे ते कर्म नव्हे, कर्मातील विचार आणि कौशल्यही नव्हे, सोडायची ती आसक्ती. या मालिकेत चाचणी चालक नावाचा एक वर्ग असतो, जो वर्षभर यंत्र घडवतो आणि शर्यतीत बहुधा उतरत नाही. दानी पेद्रोसाने धाकट्या वर्गांत तीन विश्वविजेतेपदे मिळवली, सर्वोच्च वर्गाचे विजेतेपद मात्र त्याला कधी लाभले नाही. निवृत्तीनंतर 2019 पासून तो केटीएमचा चाचणी चालक झाला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये ब्रनो येथे या कंपनीने सर्वोच्च वर्गातील आपला पहिला विजय मिळवला तेव्हा यंत्रावर ब्रॅड बाइंडर हा नवखा चालक होता. श्रम एकाचे आणि फळ दुसऱ्याच्या ओंजळीत, ही स्थिती गीतेतील लोकसंग्रहाच्या, म्हणजे समूहाच्या धारणेसाठी केलेल्या कर्माच्या कल्पनेशी जुळते, आणि पगार घेऊन केलेल्या कामातही हा भाव नांदू शकतो याची ती साक्ष आहे.

पतंजलीने योगसूत्रांत अभ्यासाची जी लक्षणे सांगितली आहेत, ती इथे ताडून पाहण्यासारखी आहेत. चित्त स्थिर राहावे यासाठी केलेला यत्न म्हणजे अभ्यास, आणि तो दीर्घ काळ, खंड न पडता व आदराने केला तर त्याची भूमी पक्की होते, असे त्याचे म्हणणे आहे. या तीन अटींतील तिसरी, आदराची, सर्वांत दुर्लक्षित राहते. सेपांगच्या स्टँडमधून एकाच वळणाकडे दुपारभर पाहणाऱ्याला ती अट डोळ्यांनी दिसते: तोच चालक त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा ब्रेक दाबतो, दर फेरीला किंचित उशिरा, आणि एका फेरीत चाक मार्गाच्या कडेवरून बाहेर जाताच पुढच्या फेरीत निमूटपणे दोन हात मागे येतो. मराठी रसिकाला रियाझाचे मोल ठाऊक असते, पण रियाझ बंद दाराआड होतो आणि त्याच्या वाट्याला येते ती मैफल. हंगामपूर्व चाचणीत ते दार उघडे असते आणि चुकणारा, दुरुस्त करणारा, पुन्हा चुकणारा साधक प्रेक्षकाला पाहायला मिळतो.

आता प्रेक्षकाकडे वळू. सांख्यदर्शनानुसार पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, केवळ द्रष्टा आहे आणि सारी हालचाल प्रकृतीची आहे. सांख्यकारिकेत प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे, जी प्रेक्षकांना आपले दर्शन घडवून निवृत्त होते. चाचणीला आलेला चाहता या अर्थाने साक्षी आहे काय? अंशतः आहे, कारण फळाचा प्रश्नच मिटल्यामुळे त्याच्या पाहण्यातील पक्षपात ओसरतो आणि एरवी ज्याच्याविरुद्ध तो ओरडला असता त्या चालकाचेही कसब त्याला निवांतपणे पाहता येते. तरीही सांख्यांचा साक्षी उदासीन आहे आणि चाहता उदासीन नाही. उन्हात बसून तो पाहतो ते प्रेमापोटी. त्याच्याशी अधिक जुळणारी संकल्पना अभिनवगुप्ताच्या रसविचारात सापडते: सहृदय, म्हणजे ज्याचे हृदय कलाकृतीशी तद्रूप होते असा रसिक. सहृदयाचा आस्वाद स्वार्थाच्या गाठीतून सुटलेला असतो, पण कोरडा नसतो. फलाशा गळून पडल्यावरही आस्था उरू शकते, किंबहुना तेव्हाच ती निर्मळ होते, हे चाचणीच्या प्रेक्षकाकडे पाहून म्हणता येते. ॲरिस्टॉटलने क्रियांचे दोन प्रकार मानले होते: घर बांधण्यासारख्या क्रिया, ज्या शेवटाला पोहोचेपर्यंत अपुऱ्याच असतात, आणि पाहण्यासारख्या क्रिया, ज्या प्रत्येक क्षणी पूर्ण असतात. चाचणीच्या दिवशी हे दोन प्रकार समोरासमोर येतात. मार्गावरचे काम स्वभावतःच अपुरे आणि स्टँडमधले पाहणे मात्र त्या क्षणीच पुरे.

असे असले तरी पाहणे निष्पाप आहे, असे लगेच मानता येत नाही. फळ नसले की धोकाही नसतो, हा भ्रम 5 फेब्रुवारी 2025 रोजी पुरता दूर झाला. आदल्या वर्षीचा विश्वविजेता होर्हे मार्टिन सेपांगच्या चाचणीच्या पहिल्याच दिवशी पडला, त्याच्या हाताची आणि पायाची हाडे मोडली, आणि उरलेल्या चाचणीला तो मुकला. ज्या फेरीची कुठे गणना नव्हती तिचीही किंमत देहाला मोजावी लागली. कर्माचे अपेक्षित फळ नाकारता येते, परिणाम नाकारता येत नाही, हा कर्मसिद्धान्ताचा कठोर भाग इथे उघडा पडतो. साहजिकच प्रेक्षकावरही एक जबाबदारी येते. शर्यतीच्या दिवशी टोकाची धडाडी पाहण्याची त्याची भूक चालकाला धोक्याकडे ढकलणाऱ्या शक्तींपैकी एक असते. चाचणीत ज्याने चालकाला गती कमी करून परत येताना, मान हलवून यंत्रावरून उतरताना पाहिले आहे आणि त्या माघारीतही शहाणपण ओळखले आहे, तो पुढे शर्यतीतही पडझडीसाठी टाळ्या वाजवणार नाही, अशी अपेक्षा करता येते. आणि ती पुरी होत नसेल तर त्याच्या पाहण्यात काही उणे राहिले असे म्हणावे लागेल.

निकालाच्या अंगाने पाहिले तर चाचणीचे भाकीतही डळमळीत असते. फेब्रुवारी 2024 मध्ये सेपांगला फ्रांचेस्को बान्यायाने 1 मिनिट 56.682 सेकंदांची सर्वांत जलद फेरी मारली, पण त्या वर्षीचे विजेतेपद मार्टिनकडे गेले. याच बान्यायाने 2016 साली ॲसेन येथे महिंद्रा या मुंबईच्या उद्योगसमूहाच्या यंत्रावर त्या कंपनीला जागतिक मालिकेतील पहिला विजय मिळवून दिला होता. 2011 मध्ये उतरलेली कंपनी 2017 च्या हंगामानंतर बाहेर पडली, परंतु त्या यंत्रावर घडलेला तरुण पुढे दोनदा सर्वोच्च वर्गाचा विजेता झाला. फळ अल्पायुषी ठरले. संस्कार, म्हणजे कृतीने कर्त्यात उमटवलेला ठसा, टिकला.

या विवेचनाचा मुनिरक्याच्या खोल्यांतील तयारीशी काय संबंध, असे विचारले जाईल, आणि इथे सावधपणे बोलले पाहिजे. शेत गहाण ठेवून दिल्लीला पाठवलेल्या मुलाला निकालाची चिंता करू नकोस असे सांगणे हे तत्त्वज्ञान नसून निष्ठुरपणा आहे. निष्कामता ज्याची त्याने स्वीकारायची असते, ती दुसऱ्यावर, विशेषतः आपल्याहून कमी साधने असलेल्यावर, लादता येत नाही. चाचणी चालकाला पगार मिळतो, परीक्षार्थीला खोलीचे भाडे भरावे लागते, हा फरक कोणत्याही सूत्राने पुसला जात नाही. त्याला पोटाची हमी देणे हे समाजाचे काम आहे आणि ते वैराग्याच्या उपदेशाने उरकता येणार नाही.

परंतु त्या मुलाकडे पाहणाऱ्यांचे काय? आईवडील, गावातले लोक, शिक्षक, नातेवाईक हे सारे त्याच्या श्रमाचे प्रेक्षक आहेत, आणि यादीत नाव आले नाही की त्यांच्या तोंडी पहिले वाक्य येते ते वर्षे वाया गेली हे. हंगामपूर्व चाचणीचा चाहता ज्या नजरेने गणना नसलेली फेरी पाहतो, तिच्यातला आदर आणि तिच्यातले मोल ओळखतो, ती नजर या प्रेक्षकांना शिकता येण्यासारखी आहे. निष्काम कर्माचा उपदेश कर्त्याला शतकानुशतके केला गेला. त्याआधी निष्काम दर्शनाचा धडा पाहणाऱ्याने गिरवावा, कारण फळ हाती न आलेल्या माणसाचा अभ्यास खरा होता हे त्याला सांगू शकणारा, तो अभ्यास प्रत्यक्ष पाहिलेला प्रेक्षकच असतो.