स्वयंभू आणि स्थापित

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात नंदीध्वजांची मिरवणूक अडुसष्ट लिंगांच्या दर्शनास निघते, तेव्हा बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ती स्थापिली या श्रद्धेबरोबरच, मनुष्यहस्ते स्थापिलेल्याची योग्यता स्वयंभूपेक्षा उणी मानावी काय, हा प्रश्न माझ्या मनात हटकून उभा राहतो.

देवळालीच्या शाळेतील अध्यापक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी हाच शब्द गणिताच्या दफ्तरी दाखल केला: कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी उत्पन्न होत नाही, ती संख्या स्वयंभू. ६१ मध्ये ६ आणि १ मिळवले की ६८ होतात. म्हणजे आमच्या अडुसष्टाला जन्मदाता आहे, जपमाळेच्या १०८ ला मात्र नाही. परंतु ही सनद दशमान पद्धतीने, म्हणजे अखेर माणसाच्या दहा बोटांनीच, बहाल केलेली. मोजणीचा पाया बदलला की ती रद्द होऊ शकते. तेव्हा स्वयंभूपणाचा तोरा मला फारसा मानवत नाही.

कापरेकरांनी १९४९ साली उजेडात आणलेली ६१७४ ही संख्यादेखील स्वयंभू नव्हे, ६१५६ ची संतती आहे. तथापि सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास, फार तर सात पावलांत ती येथेच येऊन विसावते. अडुसष्टाला तर, ००६८ असे लिहिल्यास, दोनच पुरतात: ८६०० उणे ००६८ म्हणजे ८५३२, आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४.