पाण्यापासून ६० मीटर

भंडारा जिल्ह्यात तंबू ठोकायचा म्हटला की जागा शोधत फिरावे लागत नाही. शिवनीबांधची पाळ आहे, चांदपूरचा तलाव आहे, कोक्याच्या आणि पिटेझरीच्या वाटेवर गावोगावच्या बोड्या आहेत, आणि वैनगंगा तर आहेच. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलुखात पाणी दिसले की तिथेच सामान उतरते. न्हाणीघर नाही तर नाही, समोर एवढे पाणी आहे, सकाळी उतरू आणि डुंबून घेऊ, असे म्हणून आंघोळीचा विषय तिथेच मिटवला जातो.

मला लिहायचे आहे ते याच विषयावर. तंबूत राहून स्वच्छ कसे राहावे, याबद्दल जे काही शिकण्यासारखे आहे ते एका सवयीत आहे: पाणी भरून आपल्याकडे आणावे, आपण पाण्यात उतरू नये. ऐकायला फार किरकोळ वाटते. पण ही सवय धरली की अंग कसे धुवायचे, केव्हा धुवायचे, साबण किती घ्यायचा, वापरलेले पाणी कुठे टाकायचे, या सगळ्यांची उत्तरे तिच्यामागोमाग येतात.

आधी तलावाकडेच पाहू. इथले जुने तलाव गोंड राजवटीत कोहळी शेतकऱ्यांनी बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे आले. माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना अजून 'मामा तलाव' म्हणतात. पाळीखालच्या धानाला याच तलावातून पाणी सुटते. ढिवर यात मासे धरतात. शिंगाड्याचे वेल पाण्यावर पसरलेले असतात आणि तो शिंगाडा बाजारात कच्चाही खाल्ला जातो. दुपारी गुरे येऊन बसतात. आपण दोन रात्रींसाठी आलेलो असतो. ज्यांचे वर्ष या पाण्यावर निघते ते पलीकडच्या काठावर राहतात.

शिबिरातली मुले विचारतात, की गावकरीसुद्धा तलावातच आंघोळ करतात, मग आम्ही का नाही? प्रश्न रास्त आहे. पण गावात आंघोळीचा काठ, गुरांचा काठ आणि पिण्याचे पाणी भरायची जागा बहुधा ठरलेली असते. कुठे गाळ आहे, कुठे एकदम खोल आहे, हे तिथल्या पोरांना ठाऊक असते. आपल्याला यातले काहीच माहीत नसते, आणि आपण एका सकाळी एका जागी तीस-चाळीस जण शांपू, फेसवॉश आणि डासांचे मलम अंगावर घेऊन उतरतो. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठी तर पाण्याची पातळी बदलत असते. काल पायाखाली असलेली जमीन आज तिथे नसते. पोहायचे असेल तर स्थानिक माणूस सोबत घेऊन, अंगाला काहीही न लावता पोहावे. तो आनंद वेगळा आहे, त्याला आंघोळीच्या खात्यात टाकू नये.

पाण्यात उतरण्याची सवय मोडल्याने केवढा फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. नारू आता तरुणांना ऐकूनही माहीत नसतो. पिण्याच्या पाण्यातून आत गेलेला हा जंत सुमारे वर्षभर शरीरात वाढायचा आणि मग बहुधा पायावर फोड आणून बाहेर यायचा. फोडाची आग होई, म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवी. नारूला तेच हवे असे. तो पाण्यात हजारो अळ्या सोडी, त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा बारीक जलचर गिळी, आणि ते पाणी दुसरा कोणी पिई. पायऱ्या उतरून ज्या विहिरीतून पाणी भरले जाई, तिथे हे चक्र अखंड चाले. महाराष्ट्रातही हा रोग होता. देशाने यावर लस शोधली नाही. पाणी गाळून प्यायला शिकवले, पायविहिरी बंद करून वरून शेंदायच्या केल्या, हातपंप दिले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. या यशाचा मोठा भाग माणसाचा पाय आणि पिण्याचे पाणी एकमेकांपासून दूर ठेवण्याचा होता.

आता साबण. बरेच जण सांगतात, आम्ही साबण आणतच नाही, रिठा आणि शिकेकाई वापरतो, ते नैसर्गिक आहे, पाण्यात गेले तरी काय बिघडते? बिघडते. रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. मध्य भारतात गेळफळासारखी फळे कुटून पाण्यात टाकत, मासे गुंगून वर येत आणि हाताने धरता येत. ते याच गुणामुळे. साबण बाजारातला असो की झाडावरचा, तो पाण्यात जाता कामा नये. त्याची जागा मातीत आहे. वरच्या वीतभर मातीत जिवाणूंची वस्ती दाट असते आणि साबणाचे, घामाचे, तेलाचे विघटन तेच करतात. म्हणून जगभरच्या भटक्यांनी एक अंतर ठरवून घेतले आहे: ओढा, नदी किंवा तळे यांपासून २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर. मोठ्या माणसाची ऐंशी-एक पावले. अंग धुणे, भांडी घासणे, चूळ भरणे, सगळे या अंतराच्या पलीकडे. शौचाला जायचे तेही निदान इतके लांब, वीतभर खोल खड्डा खणून, आणि नंतर माती लोटून.

वैनगंगेबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती पवित्र मानली जाते आणि तिच्या काठी मुक्काम करण्यात सुख आहे. पण नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि ते सगळे पुढे गोसेखुर्दच्या जलाशयात साठते. त्यामुळे आंभोऱ्याच्या खाली नदीत डुबकी मारून आपण स्वच्छ झालो, असे समजण्याला आधार नाही. पायाला कापले-खरचटले असेल, तर गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. गावातल्या हातपंपाचे किंवा नळाचे पाणी मागून आणावे. गावात विचारले की कोणी नाही म्हणत नाही, असाच माझा अनुभव आहे. पिण्याचे पाणी मात्र तेही उकळूनच घ्यावे.

मग पाणी आणले. किती आणायचे? इथे लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून मी करून दाखवतो. माणशी दोन गंज पुरतात, एकात साधारण दीड लिटर. एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा. आधी कोरड्या पंचाने अंगावरची धूळ झटकायची. पाणी लागले की धुळीचा चिखल होतो आणि तो काढायलाच निम्मे पाणी जाते. मग पहिल्या गंजात हरभऱ्याएवढा साबण विरघळवायचा. पंचाचे एक टोक त्यात बुडवून पिळायचे आणि तोंड, कानामागची जागा, मान. मग काखा, छातीखालची आणि कमरेची घडी. मग जांघा. सगळ्यात शेवटी पाय. हा क्रम उलटवायचा नाही, कारण पायांवर जे असते ते तोंडाला लागता कामा नये. दुसऱ्या गंजातल्या पाण्याने, पंचाच्या दुसऱ्या टोकाने हाच क्रम पुन्हा. उरलेले पाणी पायांवर ओतायचे. हात आणि पाठ राहिली, अशी तक्रार येते. त्यांना ओला हात फिरवला तरी चालतो. अंगाला वास येतो तो घड्यांतून, पुरळ उठते तेही तिथेच.

याच घड्यांत आणखी एक पाहुणा बसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर उंच गवतातून फिरले की माइटच्या डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या अळ्या अंगावर चढतात आणि काख, कंबर, जांघ अशा ठिकाणी चिकटतात. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात या तापाची साथ आली होती. चावा दुखत नाही. पुढे तिथे काळी खपली धरते. रोज संध्याकाळी ओल्या पंचाने घड्या पुसणे आणि गवतातून आलेले कपडे लगेच बदलणे, हा त्यावरचा साधा आणि चांगला उपाय आहे. तळ्यात मारलेल्या डुबकीत या घड्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही.

संध्याकाळी म्हटले, त्यालाही कारण आहे. आपल्याकडे आंघोळ म्हणजे सकाळची. घरी ते ठीक. तंबूत मात्र दिवसभराचा घाम, मीठ आणि धूळ घेऊन माणूस पांघरुणात शिरला की दुसऱ्या रात्री ते पांघरूणच आंबते, आणि ते धुवायची सोय नसते. म्हणून ऊन कलायच्या आधी, चार-साडेचारला अंग पुसून घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्याची थंडी जंगलाकडेला चांगलीच बोचते. काळा डबा पाणी भरून सकाळपासून उन्हात ठेवला की दुपारी पाणी कोमट मिळते, सरपण जाळावे लागत नाही. झोपायचा एक सुती जोड वेगळा ठेवावा आणि तो तंबूबाहेर घालू नये.

पायांबद्दल मला रोवणीच्या बायांकडून शिकायला मिळाले. धान रोवताना दिवसभर चिखलात उभ्या असतात. बांधावर आल्या की आधी पाय धुतात, आणि मग पदराने बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करतात. चिखल्या होतात त्या ओल तशीच राहिल्याने. बुटात दिवस काढणाऱ्यालाही हेच लागू आहे. पाय धुतले की काम संपले असे नाही, बेचक्या कोरड्या झाल्या पाहिजेत, आणि झोपताना मोजे बदललेले असले पाहिजेत.

हातांची तऱ्हा निराळी. त्यांना दिवसातून अनेकदा पाणी लागते, आणि शिबिरात पोटे बिघडतात ती बहुतेक हातांमुळे. चिखल किंवा तेल लागलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही; साबण-पाणीच हवे. पाच लिटरच्या डब्याला वरच्या अंगाला छिद्र पाडावे, तो आडव्या काठीला टांगावा, झाकणाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीवरच्या काठीला अडकवावे. पायाने काठी दाबली की डबा कलतो आणि बारीक धार येते. हात कशालाही लावावा लागत नाही, एका वेळी कपभर पाणी लागते. हा नळ शौचाच्या वाटेवर एक आणि स्वयंपाकाजवळ एक असावा.

या नळाखाली डबके मात्र होऊ देऊ नये. भंडारा हा हत्तीरोगाचा जिल्हा आहे, आणि त्याचा प्रसार करणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. धुण्याचे पाणी दोन रात्रींच्या मुक्कामात पसरून फेकले तरी चालते. मुक्काम लांबला तर हातभर खड्डा खणून त्यात दगडगोटे आणि वर रेती टाकावी. पाणी मुरते, वर दिसत नाही.

मुली आणि बायका सोबत असतील तर पहिल्या तासात आडोसा उभा राहिला पाहिजे. दोन झाडांना दोरी, तिच्यावर दोन चादरी, खाली उभे राहायला एक सपाट दगड. आडोसा नसला की त्या अंधार पडेपर्यंत थांबतात, पाणी कमी पितात, लघवी धरून ठेवतात, आणि मग जळजळ सुरू होते. पाळीतल्या मुलीला माणशी दोन गंजांचा हिशेब लावू नये. तिला लागेल तेवढे पाणी आणि हात धुवायला वेगळा साबण द्यावा. वापरलेले पॅड पुरू नयेत, जनावरे उकरून काढतात. जाड कागदात गुंडाळून, बंद पिशवीतून परत न्यावेत. ही सूचना सगळ्यांसमोर, मुलांच्या देखत, सरळ शब्दांत द्यावी.

तंबू नेणाऱ्या शाळा, महाविद्यालये आणि निसर्गमंडळे यांना माझी विनंती एवढीच. शिबिराच्या सामानाच्या यादीत माणशी दोन गंज आणि दोन पंचे, सगळ्यांत मिळून एक फावडे, दोन पाच लिटरचे डबे, एक लांब दोरी आणि दोन जुन्या चादरी लिहा. शांपू आणि फेसवॉश घरी ठेवायला सांगा. मोहोळ असलेल्या जंगलात उग्र सुगंध लावून फिरणे तसेही बरे नाही. आणि तलावाकाठी पोचल्यावर तंबू उघडण्याआधी ऐंशी पावले मोजा, तिथे फावड्याने रेघ ओढा आणि मुलांना सांगा की साबण या रेघेच्या अलीकडे येणार नाही.